बाळ, बाबागाडी आणि बीबी का मकबरा

'सहल' या शब्दाचा 'सहज' या शब्दाशी काही संबंध असेल असं ज्यांना वाटतं, त्यांचं एकतर लग्न झालेलं नसतं किंवा त्यांची मुलं कॉलेजात गेलेली असतात. घरात सहा महिने ते दोन वर्षं या वयोगटातलं मूल असलं की सहलीची मोहीम होते. मोहिमेला जे जे लागतं ते ते सगळं मग लागतं. रसद लागते, तळ ठोकायला सावली लागते, वैद्य नसला तरी ग्राइपवॉटर लागतं आणि कुणाचंही न ऐकणारा एक सेनापती लागतो. सेनापती कडेवर असतो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे परवापरवापर्यंतच्या औरंगाबादेत, अशा मोहिमा बारमाही चालू असतात. याला कारण आमचे नातेवाईक. पुण्या-मुंबईच्या माणसाला नातेवाईक टाळता येतात. आम्हाला वेरूळ-अजिंठ्यामुळे टाळता येत नाहीत. दिवाळीची नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली की ज्यांनी लग्नाची पत्रिकासुद्धा पाठवली नव्हती, ते लग्नाचं फळ घेऊन हजर होतात. ''तुमच्याकडे काय बुवा, सगळं जवळ!'' असं म्हणत सोफ्यावर बसतात. सगळं म्हणजे बीबीचा मकबरा, पाणचक्की, सिद्धार्थ उद्यानातले वाघ, दौलताबादचा किल्ला, तीस किलोमीटरवर वेरूळ, पन्नासावर पैठण आणि शंभरावर अजिंठा. मग आम्ही सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद हे त्यांना समजावून सांगतो. ते म्हणतात, मग बुधवारपर्यंत थांबतो.

मी बँकेत कारकून असल्यामुळे निघताना सामानाची यादी माझ्याकडे असते. एका बाळाची एका दिवसाची यादी अशी: दुपटी सहा, झबली पाच, टोपडी दोन, डायपरचं पुडकं एक, थर्मास एक, वाटी-चमचा, मऊ भाताचा डबा, नाचणीच्या सत्त्वाची बाटली, खुळखुळा, तिटाची डबी आणि एक जुनी साडी. जुनी साडी कशाला, असं विचारायचं नसतं. ती लागतेच. बाळाचं वजन आठ किलो आणि सामानाचं बारा. कुठलाही ऑडिटर हा व्यवहार मंजूर करणार नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत मोहिमा असतात, तह असतात, सनावळ्या असतात. बाळं मात्र नसतात. फार झालं तर बाळाच्या जन्माची तारीख देतात आणि पुढे एकदम त्याला तलवार घेऊन घोड्यावर बसवतात. मधली अठरा वर्षं त्याला कुणी भरवलं, कुणी कडेवर घेतलं, याची नोंद एखाद्या ओळीत उरकतात. पण पाहुण्यांबरोबर दरवर्षी तीच ती ठिकाणं पाहून माझं असं मत झालं आहे, की आमच्या शहराचा इतिहास बाळांच्या बाजूने वाचला तर जास्त नीट लागतो.

आता नावाचंच पाहा. माणसाचं बारसं आयुष्यात एकदा होतं. आमच्या गावाचं चारदा झालं. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी इथे राजधानी वसवली. १६२६ मध्ये त्याच्या मुलाने, फतेखानाने, फतेहनगर असं नाव ठेवलं. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार होऊन आलेल्या औरंगजेबाने औरंगाबाद केलं. आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. एवढ्या बारशांचे घुगऱ्या-पेढे कुणी वाटले असतील तर ते आमच्या शाखेपर्यंत पोचले नाहीत. पासबुकं, शिक्के आणि पाट्या बदलायचं काम तेवढं पोचलं.

मुलाबाळांसकट निघालेली इथली सगळ्यात मोठी मोहीम मात्र शहर वसण्याच्याही आधीची. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली आणि देवगिरीचं दौलताबाद केलं. सगळी दिल्ली उठून आली की फक्त दरबारी, मौलवी आणि अंमलदार आले, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण अंमलदारांनाही बायका-मुलं होतीच. पुढे इब्न बतूता हा प्रवासी लिहितो की दिल्ली ते दौलताबाद ही वाट चाळीस दिवसांची, आणि दोन्ही बाजूंना झाडी अशी की बागेतून चालल्यासारखं वाटावं. इब्न बतूताच्या कडेवर त्या वेळी मूल नसावं. ज्यांच्या होतं त्यांचे किती हाल झाले, ते बरनी या त्या काळच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. पुढे काही वर्षांनी सुलतानाने परत जायची परवानगी दिली. म्हणजे पुन्हा चाळीस दिवस. आपल्याकडे बाळाला घेऊन वेरूळला निघाल्यावर ''बाळाची टोपी घरीच राहिली'' म्हणून कोपऱ्यावरून परत फिरतात, तोच प्रकार, जरा मोठ्या प्रमाणावर.

हे चाळीस दिवस वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे हिशोबाला लागणार आहेत.

वेरूळ-अजिंठ्याला पाहुणे देव पाहतात, हत्ती पाहतात आणि आपलं मूल कुठे आहे ते पाहतात. दगडातली मुलं पाहायची राहून जातात. वास्तविक लेण्यांमध्ये तान्ह्या मुलांची चांगली वर्दळ आहे. वेरूळच्या चौदाव्या लेण्यात, म्हणजे 'रावण की खाई'त, सप्तमातृका ओळीने मुलं घेऊन बसल्या आहेत. सरकारी दवाखान्यात लस टोचायच्या वारी बायका बसतात तशाच. बत्तिसाव्या जैन लेण्यात आंब्याच्या झाडाखाली सिंहावर अंबिका बसली आहे आणि तिच्याजवळ मूल आहे. तिची कथा अशी की ती एका ब्राह्मणाची बायको. घरी श्राद्धाचा स्वयंपाक होता. तो ब्राह्मणांआधी तिने जैन साधूला वाढला, म्हणून नवऱ्याने तिला दोन मुलांसकट घराबाहेर काढलं. रानात मुलं भुकेली झाली तेव्हा वाळलेलं आंब्याचं झाड फळांनी भरलं आणि कोरडं तळं पाण्याने. मुलांना घेऊन बाहेर पडलेल्या बाईला नेमकं काय लागतं, हे त्या कथाकाराला बरोबर ठाऊक होतं: सावली, खाणं आणि पाणी. आजही कुठल्याही पर्यटनस्थळाच्या दारात हाच क्रम असतो. फक्त पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते.

अजिंठ्याच्या वाटेवर बाळ सिल्लोडपर्यंत झोपतं आणि अजिंठ्याच्या घाटात उठतं. हा नियम मी कधी चुकलेला पाहिला नाही. फर्दापूरच्या अलीकडे तिठ्यावर आपली गाडी ठेवायची, लेण्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसायचं आणि मग पायऱ्या. पायऱ्या पाहून आजी डोलीत बसतात, आणि बाळ ''मलाही डोली'' या अर्थाचं रडतं. एवढं करून पोचलात तर दुसऱ्या लेण्यातली हारीती चुकवू नका. ही मूळची यक्षिणी. दुसऱ्यांची मुलं पळवून खायची. स्वतःला पाचशे मुलं. बुद्धाने तिचं धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेड्यासारखी शोधत आली, तेव्हा तो म्हणाला, पाचशेतलं एक गेलं तर तुझी ही दशा, मग ज्यांचं एकच होतं त्यांचं काय झालं असेल? त्या दिवसापासून ती मुलांची राखणदार झाली. तिच्या मूर्तीच्या पायाशी एक शाळा कोरली आहे. हातात छडी घेतलेले गुरुजी आहेत, पुढची मुलं अभ्यास करताहेत आणि मागच्या बाकावरच्या मंडळींचे भलतेच उद्योग चालले आहेत. दीड हजार वर्षांत शिक्षणपद्धतीत काही फरक पडलेला दिसत नाही.

पण एक गोष्ट मला दरवेळी खटकते. दगडातल्या आया मांडीवर मूल घेऊन दीड हजार वर्षं राजरोस बसल्या आहेत, आणि आमच्या सोबतची हाडामांसाची आई मात्र बाळाला पाजायला आडोसा शोधत ह्या खांबामागून त्या खांबामागे फिरते. जुन्या साडीचा उपयोग तेव्हा कळतो.

साहेबाच्या देशात या सगळ्यावर बाबागाडी हा उपाय निघाला. १७३३ मध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी विल्यम केंटने एक गाडी बनवली. ती ओढायला बोकड नाहीतर लहानसं तट्टू जुंपायचं. पुढे बोकडाची जागा आयांनी घेतली. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्रजाने छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलोची बाबागाडी तयार केली. हा गृहस्थ पूर्वी स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्याचं काम केलेला. विमान धावपट्टीवर सुखरूप उतरवणारी विद्या त्याने नातवंडांसाठी वापरली. परंतु विमानाला धावपट्टी असते. आमच्याकडे गुलमंडी आहे. हौसेने आणलेली बाबागाडी आमच्या रस्त्यावर पहिल्या दहा मिनिटांत सामानाची गाडी होते. मूल कडेवर, गाडीत थर्मास. दौलताबादच्या अंधारीत तर ती मिटून बापाने खांद्यावर घ्यायची असते. किल्ला शत्रूला चढता येऊ नये म्हणून बांधला होता. बाबागाडीही त्यात आली.

शेवटी सगळे पाहुणे मकबऱ्यावर येतात. इथे हिरवळ आहे, कारंजी आहेत, गाडी ढकलायला फरसबंदी वाट आहे, आणि पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. शहरातलं बहुतेक प्रत्येक बाळ कधी ना कधी त्या पांढऱ्या घुमटासमोर फोटोला बसवलेलं असतं. मागे 'दख्खनचा ताज', पुढे बाळ, आणि टाळ्या वाजवून त्याला हसवणारा एक काका. हे ठिकाण कुणाचं, असं विचारलं तर काका म्हणतात, ''औरंगजेबाच्या बायकोचं.'' तेवढ्यावर इतिहास संपतो.

खरं तर इथेच तो बाळाशी येऊन पोचतो.

तिचं नाव दिलरस बानो बेगम. १६३७ मध्ये तिचं लग्न झालं. त्याच्या सहा वर्षं आधी, १६३१ मध्ये, तिची सासू मुमताजमहल नवऱ्याबरोबर दख्खनच्या स्वारीवर आलेली असताना बऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात गेली होती. दिलरसची पहिली मुलगी झेबुन्निसा दौलताबादेत जन्मली आणि शेवटचं, पाचवं मूल औरंगाबादेत. तारीख ११ सप्टेंबर १६५७. मुलाचं नाव महंमद अकबर. आणि ८ ऑक्टोबर १६५७ ला दिलरस गेली.

अकरा सप्टेंबर ते आठ ऑक्टोबर. दिवस सत्तावीस.

आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत. मुसलमान शेजाऱ्यांकडे चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. शिकलेली पिढी याला अडाणीपणा म्हणते. गंमत अशी की जागतिक आरोग्य संघटना बाळंतपणाच्या कारणाने झालेला मृत्यू मोजते, तो बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंतचा. आमच्या आजीचे अडतीस, शेजारच्या खालांचे चाळीस आणि जिनिव्हाच्या डॉक्टरांचे बेचाळीस. तिघींनी-तिघांनी वेगवेगळ्या वह्यांत मांडून उत्तर जवळपास तेच काढलं. या मुदतीत बाई आत की बाहेर हे नक्की नसतं, एवढाच त्याचा अर्थ. दिलरस बानो सत्ताविसाव्या दिवशी गेली, म्हणजे मुदत संपायच्या आत. हिंदुस्थानातला उत्तमातला उत्तम हकीम तिच्या दाराशी उभा करता आला असता. त्याचा उपयोग झाला नाही.

मग मकबऱ्याचं काम निघालं. काही माहितीपुस्तकांत ते १६५१ ते १६६१ या काळात राजपुत्र आझमशहाने केलं असं छापलेलं असतं. आझमशहाचा जन्म १६५३ चा. म्हणजे मुलाने स्वतःच्या जन्माआधी दोन वर्षं आणि आईच्या मृत्यूच्या आधी सहा वर्षं तिच्या थडग्याचा पाया घातला. बँकेत अशी तारीख पडली तर मेमो येतो. इमारत १६६० च्या सुमारास झाली असं धरलं तरी आझम तेव्हा सात वर्षांचा. पैसा बापाचाच असणार. दारावरच्या लेखात शिल्पी अताउल्ला आणि इमारतीचं काम पाहणारा हंसपतराय यांची नावं आहेत. पैकी अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. संगमरवराच्या सुमारे तीनशे गाड्या सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने पाहिल्या. लहानातल्या लहान गाडीला बारा बैल होते. म्हणजे कमीत कमी छत्तीसशे बैल. एकूण खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे.

या सात आण्यांवर माझा फार जीव आहे. एवढ्या शोकातसुद्धा कुणीतरी कारकून दिवा लावून बसला आणि त्याने आण्यापर्यंत मेळ घातला. खुद्द औरंगजेब १७०७ मध्ये गेला. खुलताबादला उघड्यावरची त्याची कबर टोप्या शिवून मिळवलेल्या १४ रुपये १२ आण्यांत झाली, असं सांगतात. फरक ६,६८,१८८ रुपये ११ आणे. एका घरातल्या दोन खात्यांत एवढी तफावत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आता त्या सत्तावीस दिवसांच्या बाळाचं काय झालं ते पाहू. कारण त्याच साली, त्याच्या चार महिने आधी, १४ मे १६५७ ला पुरंदरावर आणखी एक बाळ जन्माला आलं होतं. ते म्हणजे संभाजीराजे. सईबाईंची प्रकृती बाळंतपणानंतर ढासळली, अंगावर दूध नव्हतं. कापूरहोळच्या धाराऊने बाळाला पाजलं. सव्वादोन वर्षांनी, सप्टेंबर १६५९ मध्ये, सईबाई राजगडावर गेल्या. एक बाळ आजीच्या, जिजाऊंच्या मांडीवर वाढलं. दुसऱ्याची आई गेली तेव्हा त्याची थोरली बहीण झेबुन्निसा एकोणीस वर्षांची होती. सह्याद्रीच्या दोन बाजूंना दोन राजवाडे, एकमेकांचे जन्माचे वैरी, आणि दोन्हीकडे दूध पाजणाऱ्या बाईची शोधाशोध. ते बाळ रात्री रडायचं तेव्हा त्याला आपण कुठल्या पक्षाचे हे माहीत नसणार.

संभाजीराजे आमच्या गावी एकदा वडिलांचा हात धरून आले होते. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला निघाले तेव्हा वाटेत औरंगाबादला थांबले. बरोबरच्या संभाजीराजांना नऊ वर्षं पुरी व्हायची होती. इथला अंमलदार सफशिकनखान स्वतः सामोरा न येता त्याने पुतण्याला पाठवलं. महाराज त्याच्याकडे न जाता थेट आपल्या मुक्कामी गेले, आणि मग खानालाच भेटीला यावं लागलं. मकबरा तेव्हा नवा कोरा उभा होता.

पंधरा वर्षांनी, १६८१ मध्ये, अकबराने बापाविरुद्ध बंड केलं. ते फसलं. दुर्गादास राठोडाला घेऊन तो धावत सुटला तो थेट मराठी मुलखात आला. आसरा मागितला कुणाकडे, तर संभाजी महाराजांकडे. नोव्हेंबरात पालीजवळ दोघांची भेट झाली. दोघंही चोवीस वर्षांचे. त्यांच्यात राजकारणाचं काय बोलणं झालं त्यावर पुस्तकं आहेत. आईवाचून वाढलेल्या दोन माणसांत दुसरं काही बोलणं झालं का, हे कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही. झेबुन्निसाची या भावाला लिहिलेली पत्रं सापडली, म्हणून बापाने तिला सलीमगडच्या किल्ल्यात कोंडलं, ते तिच्या मरणापर्यंत. १६८७ मध्ये अकबर गलबतात बसून इराणला गेला आणि परत आला नाही. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचं काय झालं ते महाराष्ट्रातल्या पोरासोरांना माहीत आहे.

आता शहराच्या वेशीवर जे नाव आहे ते त्या सालातल्या एका बाळाचं, आणि शहरात लोक ज्या घुमटासमोर फोटो काढतात तो दुसऱ्या बाळाच्या आईचा. हे जुळवून कुणी आणलं नाही. पण जुळलं आहे खरं.

पाणचक्कीवरून मकबऱ्याकडे जाताना जवळच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय लागतं. महाविद्यालय १९५६ चं. आमच्याकडे त्याला नुसतं 'घाटी' म्हणतात. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून बाळंतिणी इथे येतात. दुपट्यात गुंडाळलेलं मूल घेऊन आजी पुढे, मागे हळूहळू चालणारी सून आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करणारा नवरा, हे दृश्य तिथे केव्हाही दिसतं. २०१८ ते २०२० च्या सरकारी आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात लाख जन्मांमागे तेहतीस आया दगावतात, देशात सत्त्याण्णव. तेहतीस हा आकडा लहान वाटतो खरा, पण आम्ही कारकून सात आणेसुद्धा सोडत नाही.

गेल्या दिवाळीत भाची आली होती, आठ महिन्यांचं बाळ घेऊन. सोबत बारा किलो आणि आमची आई. आई मकबऱ्यावर यापूर्वी पाहुण्यांबरोबर पुष्कळदा आलेली, पण बाहेर हिरवळीवर सामान राखत बसायची. या खेपेला आत आली. आतल्या संगमरवरी जाळीवरून वाकून खालची कबर पाहावी लागते. लोक वरून नाणी टाकतात.

''कशानं गेली रे ही?'' आईने विचारलं.

''बाळंतपणानंतर.''

''कितव्या दिवशी?''

''सत्ताविसाव्या.''

''म्हणजे सव्वा महिना झाला नव्हता,'' आई म्हणाली. ''आणि लेकरू?''

''जगलं. मुलगा होता.''

आई काही बोलली नाही. पदराची गाठ सोडून तिने पाच रुपयांचं नाणं काढलं आणि खाली टाकलं. मग भाचीकडे वळून म्हणाली, ''चल गं पोरी, त्याची भाताची वेळ झाली. आणि त्या टोपड्याची नाडी नीट बांध, बाहेर वारं आहे.''